हप्ता, अब्रू आणि बँकेची पायरी

17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसरहून मुंबईकडे झेपावलेले विमान हे जेट एअरवेजचे अखेरचे उड्डाण ठरले. पाव शतक आकाशात मिरवलेली ही कंपनी त्या रात्री जमिनीवर आली आणि तिच्याबरोबर हजारो कुटुंबेही. वैमानिकांचे, अभियंत्यांचे वेतन त्याआधीच काही महिने रखडलेले होते. पुढे जून 2019 मध्ये हे प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे गेले. धनको बँकांची समिती बसली, सल्लागार नेमले गेले, प्रस्ताव आले, मुदती वाढल्या, कोणी किती सोडावयाचे याचे हिशेब मांडले गेले. आठ हजार कोटी रुपयांहून अधिक बँककर्जाचा हा संवाद पाच वर्षे चालला. 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या अवसायनाचा आदेश दिला, तेव्हा कुठे त्यावर पडदा पडला.

त्याच कंपनीत सामान हाताळणाऱ्या वा तिकीट खिडकीवर बसणाऱ्या माणसाच्या गृहकर्जाचा संवाद किती काळ चालला असेल? पाच तारखेला खात्यातून हप्ता वळता होतो. शिल्लक नसेल तर भ्रमणध्वनीवर संदेश येतो. त्यानंतर दंडाचा संदेश, आणि मग एक अनोळखी आवाज. समिती नाही, सल्लागार नाही, प्रस्ताव नाही. हजारो कोटींचा ऋणको बँकेशी वाटाघाट करतो, ती व्यवसायाची रीत मानली जाते. पंचवीस-तीस लाखांच्या ऋणकोला मात्र तोच शब्द उच्चारताना जीभ जड होते. हे असे का व्हावे, याचा विचार नोकरदार मध्यमवर्गाने एकदा शांतपणे करावयास हवा. विमान कंपनी बुडणे ही बातमी होते. माहिती तंत्रज्ञान कंपनीतील बाकावर बसवलेला अभियंता, चाकण वा रांजणगावच्या कारखान्यातून कंत्राट संपले म्हणून घरी पाठवलेला पर्यवेक्षक, विलीनीकरणानंतर नकोसा झालेला विक्री अधिकारी यांची बातमी होत नाही.

मध्यमवर्गीय मराठी घरात कर्ज आणि अब्रू यांची गाठ फार घट्ट बांधलेली आहे. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही शिकवण ज्या घरात तीन पिढ्या गिरवली गेली, तेथे हप्ता चुकणे म्हणजे चारित्र्यच चुकणे. हा संस्कार उत्तमच आहे; तो नसता तर या देशातील बँका केव्हाच झोपल्या असत्या. परंतु याच संस्काराची एक काळी बाजू नोकरी गेल्यावर दिसते. गृहस्थ सकाळी नेहमीप्रमाणे डबा घेऊन बाहेर पडतो आणि दिवसभर एखाद्या बागेत वा ग्रंथालयात बसून सायंकाळी परत येतो. पत्नीला सांगत नाही, कारण तिला घोर लागेल. वडिलांना सांगत नाही, कारण त्यांचा रक्तदाब. बँकेला सांगत नाही, कारण लाज. पहिले दोन हप्ते मुदत ठेव मोडून जातात, तिसरा पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवून, चौथा क्रेडिट कार्डावरून. सहाव्या महिन्यात जेव्हा तो बँकेच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याच्याजवळ देण्यासारखे काहीच उरलेले नसते आणि बँकेच्या लेखी तो प्रामाणिक, अडचणीतला माणूस न राहता थकबाकीदार झालेला असतो. प्रामाणिकपणापायीच माणूस अप्रामाणिकांच्या यादीत जाऊन बसावा, याहून विपरीत ते काय?

कर्जदाराने अडचणीच्या काळात सवलत मागणे हे पाश्चात्त्य दिवाळखोरीच्या कायद्यातून आलेले खूळ आहे, असे कोणास वाटत असेल तर त्याने कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडावे. त्यातील ‘धर्मस्थीय’ अधिकरणात ऋणादानाचे प्रकरण आहे. शेकडा सव्वा पण मासिक व्याज धर्म्य, असे सांगून कौटिल्य पुढे ज्यांच्या ऋणावर व्याज वाढू नये अशांची गणना करतो. दीर्घ यज्ञसत्रात गुंतलेला, व्याधिग्रस्त, गुरुकुलात अडकलेला, अल्पवयीन आणि निर्धन. आजच्या भाषेत ज्याला ‘मोरॅटोरियम’ म्हणतात, त्याची ही स्पष्ट तरतूद होय. व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ नये, हा ‘दामदुप्पट’ नियम तर हिंदू धर्मशास्त्राने दिलेला आणि इंग्रजी अमलातही मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोच्या बाबतीत मानलेला. ऋण फेडलेच पाहिजे हे शास्त्र जितके ठामपणे सांगते, तितक्याच ठामपणे ते धनकोच्या हातालाही मर्यादा घालते. या दुसऱ्या अर्ध्याचा आपल्याला विसर पडला आहे.

हा विसर जेव्हा राज्यकर्त्यांना पडला, तेव्हा काय झाले हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांतील खते आणि रोखे बाहेर काढून जाळले. चार वर्षांनी, 1879 साली, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो साहाय्य कायदा झाला, त्याने न्यायालयाला रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा आणि ऋणकोला झेपतील असे हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला. झेपेल तेवढा हप्ता मागणे ही याचना नव्हे, हे परक्या सरकारलाही शेवटी कायद्याने मान्य करावे लागले.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळावे. बँकेच्या भाषेत काळ फार महत्त्वाचा असतो. हप्ता थकल्याच्या दिवसापासून तीस, साठ आणि नव्वद दिवस अशा तीन पायऱ्या असतात. नव्वद दिवस उलटले की खाते अनुत्पादित ठरते आणि ‘सरफेसी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 2002 सालच्या कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन बँक तारण घरावर ताबा सांगू शकते. म्हणजे पहिला हप्ता चुकण्यापूर्वी जो माणूस शाखेत जातो, त्याच्याशी बोलण्यात बँकेला स्वार्थ असतो. कारण त्याचे खाते अजून निरोगी आहे आणि ते तसे राहावे ही व्यवस्थापकाचीही गरज आहे. नव्वद दिवसांनंतर तोच व्यवस्थापक इच्छा असूनही फारसे काही करू शकत नाही. फाईल वसुली विभागाकडे गेलेली असते.

जाताना काय न्यावे? नोकरी संपल्याचे पत्र, कंपनीकडून मिळालेल्या व मिळावयाच्या रकमेचा हिशेब, घरखर्चाचा एक पानी तक्ता आणि एक अर्ज. अर्जात रडगाणे नको. नोकरी कोणत्या तारखेस गेली, दरमहा किती रक्कम निश्चित भरता येईल, ती किती महिने, आणि त्यानंतर काय, एवढे चार मुद्दे पुरेत. जेवढे झेपेल त्याहून पाचशे रुपये कमीच लिहावे. भिडेपोटी जास्त कबूल करून दुसऱ्याच महिन्यात मोडलेला शब्द सर्वांत महाग पडतो. अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घेऊन पोच जपावी. व्यवस्थापक तोंडी ‘बघू’ म्हणाला तर त्यावर समाधान मानू नये. ‘बघू’ला बँकेच्या दप्तरात खाते नसते.

परंतु नेमके मागावयाचे काय? येथे बहुसंख्य लोक चुकतात. पहिली मागणी ओठावर येते ती ‘सहा महिने हप्ता थांबवा’ ही. 2020 साली कोरोनाच्या टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने 1 मार्च ते 31 ऑगस्ट अशी सहा महिन्यांची मुभा दिली, तेव्हापासून हा शब्द घरोघरी पोहोचला. त्या मुभेत हप्ता थांबला, व्याज थांबले नाही, हे अनेकांच्या उशिरा ध्यानी आले. व्याजावरील व्याजाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 23 मार्च 2021 च्या निकालाने त्या काळापुरते चक्रवाढ व दंडव्याज आकारू नये असे ठरले. तो अपवादात्मक काळ होता. एरवी थांबवलेल्या हप्त्याचा हिशेब असा पडतो.

समजा तीस लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के दर, वीस वर्षे मुदत. हप्ता सुमारे 26,035 रुपये. पाच वर्षे नियमित फेड झाल्यावर शिल्लक मुद्दल सुमारे 26 लाख 44 हजार असते. होय, पाच वर्षांत साडेपंधरा लाखांहून अधिक भरूनही मुद्दल साडेतीन लाखांच्या आसपासच घटलेले असते. नोकरदाराला हे सहसा नोकरी गेल्यावरच कळते. आता त्याने सहा महिने काहीच भरले नाही आणि नंतर जुनाच हप्ता सुरू केला, तर कर्जाच्या शेवटी सुमारे सतरा हप्ते वाढतात. थांबवले सहा, वाढले सतरा! जादा भार चार लाखांहून अधिक. याउलट, त्याने त्या सहा महिन्यांत केवळ व्याज, म्हणजे दरमहा सुमारे 18,700 रुपये भरले, तर मुद्दल आहे तेथेच राहते, वेळापत्रक तेवढे सहा महिने पुढे सरकते आणि जादा भार सव्वा लाखाच्या आतच राहतो. तिसरा मार्ग मुदत वाढवण्याचा. उरलेली पंधरा वर्षे पंचवीस केली तर हप्ता 21,300 च्या घरात येतो. महिन्याला पावणेपाच हजारांची उसंत मिळते. पण ती दहा वर्षे पूर्ण वापरली तर एकूण भरणा सुमारे सतरा लाखांनी वाढतो. सवलत म्हणून हात पुढे करताना ही तीन उत्तरे कागदावर मांडून पाहिलेली असावीत. बँकेचा कर्मचारी बहुधा तिसराच मार्ग पुढे करील, कारण तो त्याच्या संगणकावर सोपा आहे.

आणखी एक गोष्ट, जी मागण्यास कोणाच्याही मेहेरबानीची गरज नाही. ऑक्टोबर 2019 पासून बँकांनी दिलेली तरत्या दराची नवी गृहकर्जे बाह्य मापदंडाला, बहुतेक ठिकाणी रेपो दराला, जोडलेली आहेत. 2025 या एका वर्षात रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आला. दर उतरला की बँका सहसा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. एरवी ते हिताचेच असते. परंतु ज्याची नोकरी गेली आहे त्याने हा लाभ मुदतीत न घेता हप्त्यात घ्यावा, तसे लेखी मागावे. जुन्या पद्धतीच्या दरावर अजून कर्ज चालू असेल तर ते नव्या पद्धतीत बदलून घ्यावे. त्यासाठी लागणारे शुल्क पुष्कळदा काही महिन्यांतच भरून निघते.

मग बँका व्याजमात्र हप्त्याची साधी मागणी मान्य का करीत नाहीत? केवळ निर्दयतेचा आरोप करणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2019 सालच्या चौकटीने असे ठरवले की, कर्जदाराच्या आर्थिक अडचणीपायी अटी सैल केल्या तर ती ‘पुनर्रचना’ ठरते आणि सर्वसाधारणपणे निरोगी खातेही त्यामुळे खालच्या वर्गात ढकलले जाते. मग बँकेला नफ्यातून तरतूद बाजूला काढावी लागते आणि कर्जदाराच्या पतअहवालावर नोंद होते. शाखा व्यवस्थापकाच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे: दया दाखवली की आकडे बिघडले. 6 ऑगस्ट 2020 आणि 5 मे 2021 या दोन परिपत्रकांनी कोरोनाग्रस्त वैयक्तिक कर्जांना या नियमातून सूट दिली होती. दोन वर्षांपर्यंत मुदत वाढवूनही खाते निरोगी राहू शकत होते. त्या दोन्ही खिडक्या 2021 अखेरपर्यंत मिटल्या. महापूर, दुष्काळ, भूकंप यांसाठी अशी सवलत देण्याच्या सूचना आजही आहेत आणि त्या असावयासच हव्यात. परंतु कृष्णेच्या पुरात दुकान वाहून गेलेला व्यापारी आणि कारखान्याला टाळे लागल्याने घरी बसलेला कामगार, या दोघांच्या चुलीच्या दृष्टीने संकटात फरक तो काय? नोकरी गेल्याचा कागदोपत्री पुरावा असलेल्या, तोवर एकही हप्ता न चुकवलेल्या कर्जदाराला आयुष्यात एकदा सहा महिने फक्त व्याज भरण्याची मुभा मिळावी आणि त्यामुळे त्याचे खाते डागाळू नये, अशी कायमची तरतूद करणे रिझर्व्ह बँकेला अशक्य नाही. 2020 मध्ये जे काही आठवड्यांत करता आले, ते शांततेच्या काळात विचारपूर्वक करता यावे. भारतीय मजदूर संघासारख्या संघटनांनी वेतन व बोनसच्या मागण्यांबरोबर हीही मागणी लावून धरली, तर कामगारांच्या एका फार मोठ्या मूक वर्गाला वाचा फुटेल. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल 1965 मध्ये मुंबईतील व्याख्यानमालेत ज्या एकात्म मानवाची मांडणी केली, तो मानव बँकेच्या दारात शिरताना बाहेर ठेवता येत नाही.

ही तरतूद होईपर्यंत मात्र ज्याच्यावर प्रसंग आला आहे त्याने काही धोके ओळखावेत. वसुलीचे फोन सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर येऊ नयेत, धमकी देऊ नये, नातलगांना वा मित्रांना छळू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात बजावले आहे. असे घडल्यास दिवस, वेळ, क्रमांक टिपून बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. ‘एकरकमी इतके भरा, प्रकरण मिटवू’ असा प्रस्ताव आल्यास उतावीळ होऊ नये. अशा तडजोडीनंतर पतअहवालावर पडणारा ‘सेटल्ड’ हा शिक्का पुढील कर्जाच्या वेळी पुन्हा भेटतो.

त्याहून मोठा सापळा दहा मिनिटांत कर्ज देणाऱ्या भ्रमणध्वनीवरील ॲपचा. बँकेचा हप्ता भरण्यासाठी या ॲपकडून घेतलेले पाच हजार कसे फुगतात आणि मग संपर्कयादीतील प्रत्येकाला अश्लील संदेश कसे जातात, याच्या कहाण्या पोलीस ठाण्यांत पडून आहेत. फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने चीनशी संबंध असलेल्या 94 कर्ज ॲपवर बंदीचा बडगा उगारला. पण नाव बदलून नवे ॲप उभे राहण्यास वेळ लागत नाही. आपल्या घरातील लाज परक्या देशातल्या सावकाराच्या हाती द्यावयाची, याला काय म्हणावे?

पतसंस्थेचे कर्ज असेल तर प्रकार निराळा. तेथे रिझर्व्ह बँकेचा नियम चालत नाही, सहकार खात्याचा चालतो. आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला मिळाला की तो कर्जदाराइतकाच जामीनदाराच्याही दारात येतो. जामीनदार बहुधा शेजारी, मेहुणा वा कचेरीतील सहकारी असतो. त्याला सर्वांत आधी सांगणे हा व्यवहार आहे तसा धर्मही. दुसऱ्याच्या तोंडून कळले तर सही देणारा तो हात पुढे कोणासाठीच सही करीत नाही. पतसंस्थेत एक सोय मात्र आहे. संचालक गावातलेच असतात, तोंडओळखीचे असतात. गिरणगावातील वाणी ज्याप्रमाणे संपाच्या दिवसांत वहीत नाव लिहून घेई आणि पुढचे पुढे पाहू म्हणे, तशी बोलणी येथे अजूनही होऊ शकतात. संगणकाशी ती होत नाहीत.

घरात सांगण्याचा प्रश्न उरतो. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकांत आहार, भाषा, भजन, भ्रमण यांवर चर्चा होते. घरच्या कर्जाचा कागद सर्वांसमोर एकदा उलगडावा, हा विषयही त्यात सहज बसेल. कर्ज किती, हप्ता किती, नोकरी नसेल तर घर किती महिने चालेल, हे दहावीतल्या मुलालाही समजते आणि एकदा समजले की शिकवणी वर्ग बदलण्याची सूचना बहुधा तोच करतो. शाखेत रोज भेटणारा स्वयंसेवक चार दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी जाण्याची रीत आहे. तो रोज येतो पण गप्प असतो, हेही हेरण्याची नजर हवी. त्या मंडळींत एखादा निवृत्त बँक अधिकारी हमखास असतो. संध्याकाळी अर्धा तास बसून अर्जाचा मसुदा तपासणे आणि सकाळी कर्जदाराबरोबर दुसऱ्या शाखेत, म्हणजे बँकेच्या, जाऊन बसणे एवढे त्याने केले तरी व्यवस्थापकाच्या बोलण्याचा सूर बदलतो.

आणि नोकरी पुन्हा लागली म्हणजे? येथे एक फेरी बहुतेक जण चुकवतात. वाढवलेली मुदत तशीच राहते, कमी हप्त्याची सवय होते आणि ते सतरा लाख नकळत वाहून जातात. पहिले वेतन खात्यात जमा झाल्यावर पुन्हा त्याच व्यवस्थापकासमोर बसून, हप्ता पूर्वीइतका करून मुदत खाली आणण्याचा दुसरा अर्ज द्यावा. त्याचीही पोच घ्यावी.